माझ्या ओट्यावरची दहावी

आधी चहा ओता, मग सांगतो. माझ्या हातून चुका लई झाल्या, पण त्यातल्या बऱ्याच मी मुद्दाम केल्या. लोक हसतात, बरं वाटतं. ही एकच अशी, जी मी मनापासून, शहाण्यासारखा विचार करून केली. म्हणून तर ती एवढी मोठी झाली.

आमचं गाव येडगावच्या धरणाच्या अंगाला. मी चौथी नापास. तीन वेळा नापास, म्हणजे चौथीचा माझ्याइतका अभ्यास पंचक्रोशीत कुणाचा नाही. गावात मला आप्पा म्हणतात, आणि पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माणसं बनवणं हा माझा मूळ धंदा. शेती आपली जोडधंदा म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावच्या विद्यालयात नवे हेडसर आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, चालताना बुटांचा आवाज. असा माणूस दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. मी एका पावण्याचा कोट मागून आणला, तालुक्याहून आलेला तपासणीचा साहेब झालो आणि काखेत वही मारून शाळेत शिरलो. हेडसरांनी मला आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पोहे मागवले. बाकीचे मास्तर मला ओळखून होते, पण ते तोंडाला रुमाल लावून गप उभे राहिले.

पाचवीच्या वर्गात जाऊन मी एका पोराला उभा केला. "बाळ, नाव काय तुझं?"

तो माझाच धाकटा निघाला. म्हणाला, "आप्पा, आईनं तुमाला गवत आणाया धाडलं व्हतं ना?"

झालं. अख्खी शाळा हसली. हेडसरांचा चेहरा पार उतरला. सगळ्या पोरांदेखत ते म्हणाले, "चौथी नापास माणूस शाळा तपासतोय. आधी घरच्या पोरांना चार ओळी शिकवून दाखवा."

इथं हसून सोडून द्यायचं असतं. मी दुसऱ्यांना हेच सांगत आलोय. पण माणूस दुसऱ्याला काढतो तो चिमटा वेगळा आणि स्वतःला बसतो तो वेगळा. मी म्हणालो, "दाखवतो की. तिन्ही पोरं घरीच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी तीन दाखले काढून आणले.

बायको चुलीपुढून म्हणाली, "अवं, त्या दोघांचं एक वरीस गेलं तर जाऊ द्या, पण सुमनचं काय?"

सुमन म्हणजे आमची थोरली. मधी तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सगळं घर सुमननं ओढलं. शाळा सुटली, पुन्हा धरली. म्हणून अठरावं सरलं तरी तिची दहावी राहिलेली. तिला व्हायचं होतं नर्स. उपकेंद्राच्या नर्सबाई गावात आल्या की ही त्यांची पेटी धरून घरोघर फिरायची. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, दहावी पास हो, कोर्सला नंबर लावायचं मी बघते.

तेवढ्यात माझा मेव्हणा एक स्थळ घेऊन आला. म्हणाला, "दाजी, पोरगी अठराची झाली. पोरगं चांगलंय, बागायत हाये."

मी तेव्हा असा काही हवेत होतो, राव. ओट्यावर पाच माणसं बसलेली. मी म्हणालो, "हे बघ, माझ्या हाताखाली शिकून सुमन पास झाली तर ती कोर्सला जाईल. नापास झाली तर तू म्हणशील त्या मुहूर्ताला लगीन. शब्द दिला."

सुमन दारात उभी होती. ती आत गेली.

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो ओतूरला जाऊन भरला. आणि मग निघालो पुस्तकं निवडायला.

आता पुस्तकं कशी निवडतात हे तुम्ही मला विचारा. जाड बघायची. पुस्तकवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. एकदा मी त्याला त्याच्या साडूचा निरोप म्हणून भर उन्हात ओझरपर्यंत सायकल मारायला लावली होती. त्याच्याकडं जुन्या पुस्तकांचा एक कोपरा होता. तिथं मला दहावीचा अख्खा संच सापडला. जाडजूड, आणि आधीच्या कुणा हुशार पोरानं समासात पेन्सिलीनं उत्तरंसुद्धा लिहून ठेवलेली. ज्याला चौथी तीनदा करावी लागली त्याला अशा पुस्तकाची किंमत विचारा.

पुस्तकवाला म्हणाला, "आप्पा, हे नका घेऊ. दहावीचं पुस्तक औंदा बदललंय. नवीन घ्या."

मी त्याच्याकडं बघून डोळा मारला. "ओझरचं ऊन अजून उतरलं न्हाई व्हय?"

"अवो, खरंच सांगतोय."

"मीपण साडूचा निरोप खराच सांगितला व्हता," मी म्हणालो आणि संच पिशवीत टाकला.

सातवीवाल्याला नि पाचवीवाल्याला मिळून एकच पुस्तक घेतलं, सहावीचं. एकाला थोडं सोपं, एकाला थोडं अवघड. मधोमध गाठ पडेल असा हिशेब. हसू नका, मला तो तेव्हा पटला होता.

ओट्यावर शाळा सुरू झाली. गणिताच्या तासाला कांदे निवडायचे, डझन आणि पाव डझन आपोआप येतं. भूगोलाला म्हशी घेऊन धरणाच्या कडेला जायचं. चित्रकला बंद, कारण आमच्यात रंग फक्त बैलाच्या शिंगांना. सुमन मात्र खरंच बसायची. भाकरी झाल्या, भांडी झाली की ती जुनी पुस्तकं मांडीवर घेऊन पाठ करत राहायची. मी पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवायचो, ती घडाघडा म्हणून दाखवायची. ती बरोबर म्हणते की चूक, हे मला कळत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

दिवाळीच्या आसपास ती म्हणाली, "आप्पा, माझी मैत्रीण म्हणत व्हती, आपली पुस्तकं जुनी हायेत. धडेच येगळे आलेत."

"तिला हेडसरनं शिकवून धाडली असंल."

पुन्हा आठ दिवसांनी म्हणाली, "मी तिच्याकडं जाऊन वाचू का? नुसतं वाचीन."

मी असा हसलो की बायकोनं आतून भांडं आपटलं. म्हणालो, "वाच की. मग पास झालीस तर हेडसर म्हणंल, माझ्याच शाळेतल्या पोरीनं शिकवली."

सुमननं पुन्हा विचारलं नाही.

आणि मग एके दिवशी हेडसर स्वतः आमच्या दारात आले. बुटांचा आवाज नाही, चपला घालून आलेले. हातात कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आप्पा, आपलं काय असेल ते असेल. मुलीचं वर्ष आहे. अभ्यासक्रम बदललाय. ही नवी पुस्तकं ठेवा, काही अडलं तर तिला संध्याकाळी माझ्याकडं पाठवा."

तुम्ही काय केलं असतं? पाय धरले असते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघत बसलो. मीही कुणाला बनवताना असाच सरळ चेहरा करतो. वाटलं, वा रे पठ्ठ्या. चुकीची पुस्तकं पोरीच्या गळ्यात मारून तिला नापास करतोय आणि वर माझा चहा पितोय.

गठ्ठा ठेवून घेतला. सुमननं तो पदरानं पुसला, वरचं पुस्तक उघडून वासही घेतला. मी तिच्या हातातून काढून घेतला आणि सकाळी दोन्ही पोरांना गठ्ठा देऊन शाळेच्या प्रार्थनेला धाडलं. सगळ्या शाळेपुढं म्हणायला लावलं, "आमच्या आप्पांनी सांगितलंय, आमी उष्टं खात न्हाई."

गाव चार दिवस हसलं. सुमन त्या दिवशी जेवली नाही. बायको म्हणाली, पोट दुखतंय तिचं. मीही तेच धरून चाललो.

मार्चमध्ये पेपर. ओतूरच्या केंद्रावर मी तिला घेऊन गेलो. ती आत गेली आणि मी बाहेर झाडाखाली बसून इतर आईबापांना हसवत राहिलो. सुमन बाहेर आली ती पायाकडं बघत.

"काय गं, कसा गेला?"

"आप्पा, जे आलं ते आपल्या पुस्तकात नव्हतं."

अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना बघा. मी धोतर खोचून उठलो. "हेडसरनंच पेपर फिरवला!" असा ओरडलो की फाटकावरचा शिपाई आत पळाला. शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता, कुठल्या तरी लांबच्या वाडीवरचा. त्यानं आपल्या पोराचं पुस्तक माझ्यापुढं धरलं. म्हणाला, "पावणं, औंदा पुस्तक बदललंय. सगळ्यांना म्हाईतीये. तुमाला कुणी बोललं न्हाई?"

तो मला ओळखत नव्हता. म्हणून मला ते खरं वाटलं.

एसटीत सुमन खिडकीशी बसली. मी म्हणालो, "तू दोनदाच बोललीस. तिसऱ्यांदा सांगायचं की."

ती बाहेर बघतच म्हणाली, "तिसऱ्यांदा तुमी त्याचा किस्सा केला असता."

उरलेले पेपर तिनं दिले. मी नको म्हणालो, तरी गेली. जूनमध्ये निकाल लागला. चार विषय राहिले. मार्कलिस्ट तिनं माझ्या हातात दिली, आणि मी ती वाचता येतेय असं दाखवत उभा राहिलो.

बायको म्हणाली, "आक्टोबरला पुन्यांदा बसू द्या. आता नवी पुस्तकं आणू."

मी मेव्हण्याकडं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं हात जोडले. म्हणालो, "अरे, ते मी चेष्टेनं बोललो व्हतो. तुला माझा सभाव म्हाईतीये."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, वीस वर्सांत तुमचं ह्येच एक बोलणं मी खरं धरलं. पोराकडच्यांना शब्द देऊन बसलोय. आखाड लागायच्या आत उरकू."

मी घरी येऊन सुमनला सांगितलं. ती कांदे निवडत होती. म्हणाली, "बरं." एवढंच. भांडली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं.

शाळा उघडल्या. दोन्ही पोरांना घेऊन मी हेडसरांच्या खोलीत गेलो. त्यांनी वही उघडली, दोघांची नावं घातली, ज्या वर्गातून काढली होती त्याच वर्गात. मग पेनाचं टोपण लावत विचारलं, "आणि सुमन? काय झालं तिचं?"

मी म्हणालो, "सर, चार विषयांत नापास झाली. येत्या सोमवारी लगीन हाये तिचं. तुमी आणलेली पुस्तकं मी ठेवून घ्यायला पाहिजे व्हती. चुकलं माझं."

हेडसर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसूच आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "पुरे हो आप्पा. एकदा पोहे खाऊन गेलात तेवढं बास. आता नाही फसणार मी."

मग मीही हसलो. दुसरं काय करणार. लग्नाची पत्रिका दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या हाती पाठवली.