घरचाच प्रोसेसर

लॅपटॉप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे 'व्याही' म्हणायचे. लॅपटॉपमधला प्रोसेसर बाहेरच्या कंपनीकडून यायचा आणि तो वेळेवर मिळवणं हे त्याचं काम. तिकडे जाऊन रुसवेफुगवे काढायचे, गोड बोलायचं आणि परत येऊन मालकांच्या शिव्या खायच्या. मान त्याला दोन्हीकडे नव्हता. मान होती, ती डोलावण्यापुरती.

एके वर्षी पुरवठादारांनी नवा प्रोसेसर लांबणीवर टाकला. लॅपटॉपची खोकी तयार, जाहिराती झळकलेल्या आणि आत घालायला काहीच नाही. मालकांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि खुर्चीवर चढून गरजले, "बास झालं लोकांच्या तोंडाकडे बघणं! यापुढे आपला प्रोसेसर आपणच आखायचा. अगदी घरचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याह्यानेही हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. आपण आपलीच नोकरी जाण्याला टाळ्या वाजवल्या, हे त्याच्या लक्षात जिना उतरताना आलं.

त्याची बायको दातांची डॉक्टर. तिने सगळं ऐकून विचारलं, "मग आता तुझं काय?"

"मालक म्हणाले, तू तर घरचाच माणूस."

"म्हणजे पगारवाढ नाही," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

चौथ्या मजल्यावर प्रोसेसरचा विभाग उघडला. प्रमुख म्हणून जुन्या पुरवठादारांकडच्याच एक बाई आणल्या. त्यांनी आल्या आल्या काचेचं दार बसवून घेतलं. ते फक्त त्यांच्याच माणसांच्या कार्डाने उघडायचं. गुप्ततेचा प्रश्न होता. एकदा मालक स्वतः वर गेले, कार्ड घासघास घासलं, तरी दार ढिम्म. मग त्यांनी व्याह्याला बोलावलं.

"जरा वर जाऊन विचार ना, कधीपर्यंत होईल? तुला बोलायची सवय आहे."

झालं! व्याह्याची नोकरी वाचली. फरक एवढाच, की पूर्वी पुरवठादारांकडे बसायला सोफा आणि वर कॉफी मिळायची. इथे काचेबाहेर उभं राहायचं.

"बाई, नमुना कधी मिळेल?"

"चिप घाईने होत नाही."

"पण आपलीच कंपनी ना?"

"म्हणून तर खरं सांगतेय. बाहेरच्यांना मी सरळ तारीख देऊन टाकली असती."

अखेर प्रोसेसर आला, आणि खोटं कशाला बोला, फर्मास होता. लॅपटॉप तापेना, पंख्याची घरघर नाही, बॅटरी दिवसभर पुरायची. मालकांनी मोठा समारंभ केला. गेल्या वर्षी ज्याला त्यांनी वारा म्हणून विकलं होतं, त्या जुन्या लॅपटॉपला ते भर व्यासपीठावरून बैलगाडी म्हणाले. पुढच्या रांगेतल्या जुन्या गिऱ्हाइकांनी आपापल्या बैलगाड्या हळूच पिशवीत सरकवल्या.

एवढा चांगला प्रोसेसर एकट्याने काय वापरायचा, म्हणून मालकांनी तो प्रतिस्पर्धी कंपनीलाही विकायचं ठरवलं. आणि घोळ झाला. प्रतिस्पर्ध्यांचा माल वेळेवर निघे, घरच्यांचा मागे राहू लागला. व्याही पुन्हा वर गेला. काचेतून दुसऱ्यांच्या नावाची खोकी दिसत होती.

"त्यांच्याशी करार आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "उशीर झाला तर दंड भरावा लागतो. तुमच्याशी काय, नुसतं नातं."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मग तू बाहेरचा हो की," ती म्हणाली.

तो झाला. प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला हसत हसत घेतलं. महिन्याभरात तो त्याच इमारतीत आला, पाहुणा म्हणून. बाई स्वतः खाली घ्यायला आल्या, काचेचं दार उघडलं गेलं, तारीखही न मागता मिळाली. परत निघताना जिन्यात मालक भेटले. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "काय रे, आमचा माल कधी निघतोय, काही बोलल्या का त्या?"

व्याह्याला हसू येणार होतं, पण मालकांचा चेहरा बघून आलं नाही. "थांबा, विचारून येतो," म्हणत तो खरोखरच पुन्हा वर गेला.

"त्यांना म्हणावं, करार करा," बाईंनी सांगितलं.

मालकांनी केला. आपल्याच कंपनीचा आपल्याच चौथ्या मजल्याशी रीतसर करार, दंडाच्या कलमासकट. दोन्ही बाजूंच्या सह्या त्यांच्याच. तेव्हापासून माल वेळेवर मिळतो, आणि या नव्या पद्धतीवर मालक ठिकठिकाणी भाषणं देतात.