जपानी शाळेतला झाडू

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. म्हणजे पाट्या बदलल्या होत्या. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदाच येई. त्या दुष्काळात मी दहावी झाले आणि एका संस्थेच्या निवडीतून वर्षभरासाठी जपानच्या शाळेत निघाले. वडील नव्या कचेरीत कारकून होते, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मुंबईची एसटी सुटताना त्यांनी खिडकीशी येऊन एवढंच बजावलं, "बाई, तिथं कुणी झाडू दिला तर धरायचा न्हाई. शिकायला चाललीस तू."

त्यामागे कारण होतं. आमच्या गावच्या शाळेत बौद्धवाड्यातल्या पोरांनी लवकर येऊन वर्ग झाडायचे, हा शिरस्ता होता. दादांनी झाडले, चौथीपर्यंत मीही झाडले. लातूरला बदली झाली तेव्हा दादांना पगारापेक्षा माझा झाडू सुटल्याचा आनंद जास्त होता.

विमानातून उतरले तेव्हा तिकडे पाऊस लागला होता. नांदेडच्या मावशीने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बॅगेत उघडला होता, त्यामुळे पहिला आठवडा माझे सगळे कपडे लसणीचा वास मारत होते. ज्यांच्या घरी राहायचं होतं ती माणसं सभ्य होती. वास येत नसल्यासारखं दाखवत.

शाळेत दारातच बूट काढून सपाता घालायच्या. दुपारी सगळे आपापला ओबेन्तो (डबा) उघडत. गार भात, त्यावर एक आंबट फळ. घरची इतकी आठवण येई की मी मान खाली घालूनच जेवत असे. शेजारच्या बाकावरची मियुकी तेवढी मोडक्या इंग्रजीत बोलायची. वर्गात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं.

पहिल्याच दिवशी शेवटच्या तासानंतर भोंग्यावर गाणं लागलं. मुलींनी डोक्याला रुमाल बांधले. वर्गशिक्षक माझ्याकडे आले आणि हसत माझ्यापुढे झाडू धरला.

सात समुद्र ओलांडले तरी यांना कसं कळलं? कुणी कळवलं? मी हात मागे घेतले. मला समजलं नसेल असं वाटून शिक्षकांनी झाडून दाखवलं. मी चक्क मराठीत "नाही" म्हणाले. मियुकीने पुढे होऊन तो झाडू घेतला.

तीन आठवडे असंच चाललं. सोजी (शाळेची झाडलोट) सुरू झाली की मी खिडकीशी उभी राहायची, माझ्या वाटणीचं मियुकी करायची. सगळेच झाडत होते हे दिसत नव्हतं असं नाही. पण मनातली भीती डोळ्यांचं ऐकत नव्हती.

मग मियुकी माझ्याबरोबर जेवायची थांबली. मी कारण विचारलं, तर ती वहीकडे बघत म्हणाली, "तू मोठ्या घरची आहेस. तुमच्याकडे हे काम नोकर करतात. सगळे म्हणतात, तुला आमची किळस येते."

मला आधी हसू आलं, मग रडू. होते तेवढे शब्द गोळा करून मी तिला सांगितलं, की आमच्याकडे ते नोकर म्हणजे आम्हीच. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, सगळ्यांचा वर्ग, मग तुम्हीच का?

दुसऱ्या दिवशी जिन्यावर मुख्याध्यापक गुडघे टेकून पायऱ्या पुसत होते. मी मियुकीच्या शेजारी बसले आणि फडकं पिळलं. नंतर तिने बादली मोरीत ओतली तेव्हा मात्र जीव तुटला. दादांच्या पत्रात टँकर चार दिवस आला नसल्याचं होतं. झाडू धरला हे मी त्यांना कधी कळवलं नाही.

वर्ष संपवून परतले. गावच्या शाळेने सत्कार ठेवला. दादा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी तिथल्या शाळेचं सांगितलं, शिक्षकाच्या पोरापासून पुढाऱ्याच्या पोरीपर्यंत तिथे प्रत्येक जण झाडतो, मुख्याध्यापकसुद्धा. टाळ्या पडल्या.

हेडमास्तर खूश होऊन उठले. "ऐकलं का रे? जपानातबी लेकरं शाळा झाडतात. लाज कशाची त्यात?" असं म्हणून त्यांनी मागे बसलेल्या आमच्या वाड्यातल्या दोन मुलींना खूण केली, कार्यक्रम संपला की झाडून घ्या. मुली उठल्या. बाकी कुणी जागचं हललं नाही.

वाटेत दादा म्हणाले, "सगळे झाडतात, हे सांगितलं हुतंस ना?"

"हाव दादा. दोनदा सांगितलं."

अजूनही लोक जपानचं विचारतात. मी पाऊस सांगते, बर्फ सांगते, गार भात सांगते. शाळेचं कुणी विचारलं की विषय बदलते.