हात वर होईपर्यंत

माझे वडील लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवत होते आणि या चाळीस वर्षांत त्यांचं वाजवणं एका जागी बसून कुणी ऐकलेलं नव्हतं. समोरची माणसं एकतर नाचत असायची, नाहीतर जेवत असायची. आबांना याचं काही वाटत नसे. "आमचं वाजवणं ऐकायसाठी नसतंय, वरात फुडं सरकायसाठी असतंय," असं ते सांगायचे.

मला त्यांनी क्लॅरोनेट शिकवली, पण अट घालून. "शीक. पण बँडात न्हाय." बँडाबरोबर ते मला एकाही लग्नाला घेऊन गेले नाहीत. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागच्या अंगाला बसायची, ते पोरानं बघू नये असं त्यांना वाटत असावं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढे मी एका हायस्कुलात क्लार्क झालो आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या घरात वाजवू लागलो. शेजारच्यांनी ते बरीच वर्षं सहन केलं.

नव्वद सालानंतर कधीतरी आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला. आबांचं वाजवणं भरून ठेवावं असं माझ्या मनात आलं. आबा परसात सराव करत होते, मी खिडकीत टेप ठेवला आणि बटण दाबलं. संध्याकाळी त्यांना ऐकवलं. क्लॅरोनेट जवळ यायची, लांब जायची, पुन्हा जवळ यायची. आबांना उभ्या जागी वाजवता येतच नव्हतं. जन्मभर चालत वाजवलेला माणूस, परसातसुद्धा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वरात काढत होता.

"कोण हाय रं ह्यो? पळून चाललाय जणू," आबा म्हणाले.

"तुम्हीच आहात."

ते उठून आत गेले. परत म्हणून माझं भरून घ्यायचं नाही, असं त्यांनी आतूनच सांगितलं. पुढे त्या कॅसेटवर बायकोनं रेडिओवरच्या पाककृती भरून घेतल्या.

त्यानंतर दहाएक वर्षांनी घरात संगणक आला. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून आला आणि मीच त्याच्यापुढे बसू लागलो. इंटरनेटवर मला हौशी क्लॅरोनेटवाल्यांची एक जागा सापडली. जगभरातली पंचवीस-तीस माणसं तिथं जमायची. दर महिन्याला एक धून ठरायची, ती प्रत्येकानं आपापल्या घरी वाजवून भरायची आणि तिथं टाकायची. मग सगळ्यांनी सगळ्यांना छान म्हणायचं. मी इतकी सभ्य माणसं एका जागी कधी बघितली नव्हती. एखाद्याचा सूर ढळढळीत घसरलेला असला तरी खाली लिहिलेलं असायचं, 'मनापासून वाजवलं आहे.'

माझी पहिली धून मी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत भरली. मध्यावर कुकरची शिट्टी झाली. पुसायची कशी ते मला येत नव्हतं, म्हणून तशीच टाकली. एकानं कौतुकानं विचारलं, मधेच वाजलं ते कुठलं वाद्य? मी आबांना ते वाचून दाखवलं.

"तीच तेवढी सुरात हाय," आबा म्हणाले.

यानंतर आबा माझ्या मागं खुर्ची टाकून बसू लागले. तोवर त्यांनी बँड सोडला होता आणि त्यांना करमत नव्हतं. परदेशातल्या सभ्य माणसांची क्लॅरोनेट ऐकायची आणि शेरे मारायचे, हा त्यांचा रविवारचा उद्योग झाला. मी ते शेरे इंग्रजीत लिहून पाठवायचो, अर्थात धुऊन-पुसून. तिथं एक दातांचा डॉक्टर होता. त्याचा देश मला अजूनही नकाशात पटकन दाखवता येत नाही. त्याची धून ऐकून आबा म्हणाले, "त्याला इचार, वाजवालाईस का चहा गार करालाईस?" एरवी मी 'श्वासाकडे थोडं लक्ष द्यावं' एवढंच लिहिलं असतं. आदल्या दिवशी शाळेत माझं हेडमास्तरांशी वाजलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी जसंच्या तसं लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी भीतभीत उघडून बघितलं. डॉक्टर खूश झाला होता. इतक्या वर्षांत आपल्याशी पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं, असं त्यानं लिहिलं होतं. तेव्हापासून जो तो धून टाकायचा आणि खाली विचारायचा, वडील काय म्हणतात? माझ्या वाजवण्याबद्दल कुणी काही विचारेनासं झालं. मला याचा राग आला होता हे मी कबूल करतो. शेवटी डॉक्टरनं विचारलं, वडील स्वतः वाजवतात का? आम्हाला ऐकायला मिळेल का?

आबा म्हणाले, "न्हाय."

ते वर्षभर न्हायच म्हणत राहिले. मग त्यांचे दात हलू लागले.

क्लॅरोनेट वाजवताना वरचे पुढचे दात माऊथपीसवर टेकवावे लागतात. आबांचे नेमके तेच चार हलत होते, हिरडी सुजली होती, गालावर हात ठेवून ते दिवसभर बसून असायचे. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावेच लागतील. मी परदेशातल्या डॉक्टरलाही विचारलं. त्यानं दोन पानं लिहिली, फार सहानुभूतीनं लिहिली, आणि शेवटी तोही काढाच म्हणाला. सोमवार ठरला.

शनिवारी रात्री जेवताना आबा एकदम म्हणाले, "उद्या भरून घेतोस काय?"

मी घास तसाच ठेवला. आबांची क्लॅरोनेट सोमवारपासून बंद होणार होती आणि माझ्याकडे तिचा एक सूरसुद्धा नव्हता. होता तो पाककृतींच्या खाली गेला होता.

रविवारी दुपारी मी सगळी तयारी केली. खिडक्यांना चादरी लावल्या. कुकर लावायचा नाही असं बायकोला बजावलं. तिनं भाकरीबरोबर दही दिलं आणि पोरांना घेऊन शेजारी गेली. आबा मायक्रोफोनपासून लांब जाऊ नयेत म्हणून जमिनीवर खडूनं चौकोन आखला आणि म्हटलं, या चौकोनात जागच्या जागी चाला. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. क्लॅरोनेटची वेताची पत्ती तोंडात धरून ओली करत ते चौकोनात उभे राहिले.

"आबा, एकच सांगतो. मधेच थांबू नका. थांबलात की सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल."

"मला सांगतोस व्हय?" आबा म्हणाले.

मी कानाला हेडफोन लावला आणि पडद्याकडे तोंड करून बसलो. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वर-खाली होत होत्या. त्या लाल झाल्या तर आवाज फाटतो, म्हणून मी डोळे हलवले नाहीत. आबा माझ्या पाठीमागं होते.

त्यांनी नवरदेव निघतानाची धून धरली. मग घोड्यावर बसतानाची. मग बाजारपेठेतून जाताना वाजवायची ती. एक संपायच्या आत दुसरी सुरू होत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला वाटलं, आबांचं मन लागलंय, लागू दे. मला आनंदानं काही सुचत नव्हतं. तिसाव्या मिनिटाच्या आसपास लग्नातल्या धुना संपल्या. क्षणभर नुसता श्वास ऐकू आला. मग आबांनी संथ काहीतरी सुरू केलं, जे मी जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं. ते नाचायचं नव्हतं आणि चालायचंही नव्हतं. हेडफोनमधून येणारा पावलांचा आवाज बंद झाला होता. आबा उभे राहून वाजवत होते. माझे डोळे भरून आले आणि पट्ट्या हिरव्या आहेत की लाल, ते मला दिसेना.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला सूर तुटला. मागून आवाज आला, "हात का केला न्हाईस रं?"

मी वळून बघितलं. आबांच्या हनुवटीवर रक्त होतं. सदऱ्यावरही दोन थेंब पडले होते.

मग मला कळलं. बँडातलं गाणं संपत नसतं, ते थांबवावं लागतं. वरात मांडवाच्या दारात पोचली की यजमानांपैकी कुणीतरी हात वर करतो आणि बँड त्या सुरावर थांबतो. त्याआधी थांबलं तर वरबाप भांडायला उठतो आणि हात वर झाल्यावर वाजवलं तर भटजी. हात झाला की मग बँडवाल्यांना पाणी विचारतात, जेवायला बसा म्हणतात. हात होईपर्यंत काही नाही. बँडाबरोबर एकदा जरी गेलेल्याला हे ठाऊक असतं. मी गेलोच नव्हतो, आणि वर मधेच थांबू नका म्हणून बजावून त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. आबा एक्केचाळीस मिनिटं, हलत्या दातांनी, माझ्या हाताची वाट बघत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तांब्या घेऊन आलो. आबांनी चूळ भरली, पाणी लाल झालं.

"दुखत होतं तर थांबायचं की, आबा."

"हात झाला न्हवता."

"आणि ते शेवटचं कुठलं होतं?"

आबांनी पत्ती पुसून डबीत ठेवली. "कुठलं न्हाय. नवरदेव यायला उशीर झाला की दोन-दोन तास उभं ऱ्हावं लागायचं. पत्ती तोंडातच धराय लागती, वाळून चालत न्हाय. तवा मनात वाजायचं. फुंकलं आजच."

सोमवारी दात काढले. पुढे कवळी बसवली. ती आबांना सोसली नाही, म्हणून बहुतेक वेळ वाटीत असायची. आबांची क्लॅरोनेट माझ्याकडे आली. आता घरात दोन क्लॅरोनेट होत्या आणि वाजवणारा मी एकटा. त्यामुळे शेजारच्यांना काही फरक पडला नाही.

फाईल पाठवायची की नाही, यात आठवडा गेला. "असलं कोण ऐकत बसतंय," आबा म्हणाले. दात गेल्यानं त्यांचे शब्द आता सांडल्यासारखे यायचे. सुरुवातीचा माझा खोकला मी कापला. तेवढं एव्हाना मला येत होतं. शेवटचे आबांचे शब्दही कापायचे होते, पण हात धजावला नाही. तसंच ठेवलं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं आणि एवढी मोठी फाईल जाताना फोन तासन् तास बंद राहायचा. सकाळी लावलेली फाईल दोनदा तुटून दुपारी गेली. तोवर गारगोटीहून सासूबाई फोन लावून लावून दमल्या, आबांचंच काहीतरी झालं म्हणाल्या आणि एसटी धरून संध्याकाळी दारात हजर झाल्या. आबा उंबऱ्यात बसून दहीभात खात होते. सासूबाईंना थोडं ओशाळल्यासारखं झालं, मग त्या चार दिवस राहिल्या.

तिकडून आठ दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग एकेकाचं यायला लागलं. 'छान' असं कुणीच लिहिलं नव्हतं. एकानं नुसतं लिहिलं होतं, दोनदा ऐकलं.

डॉक्टर महिनाभर गप्प होता. महिन्यानंतर त्यानं एक फाईल टाकली. एकोणतिसाव्या मिनिटानंतरची ती संथ धून त्यानं ऐकून ऐकून बसवली होती. खाली लिहिलं होतं, 'शेवटच्या शब्दांचा अर्थ मला कळला नाही, पण ते या रचनेचा भाग आहेत असं धरून मी तेही पाठ केले आहेत. वडील काय म्हणतात?'

मी आबांना बोलावून खुर्चीत बसवलं. हेडफोन त्यांना चालत नसे, म्हणून स्पीकर लावला. डॉक्टर वाजवू लागला. आबा मान खाली घालून ऐकत होते.

"दम भलतीकडंच घेतोय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "हितं मी चुकलतो. ह्यानं चूक पण उचलली की रं." आपलं वाजवणं आबा आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसून ऐकत होते आणि ते दुसराच कुणी वाजवत होता. त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

सूर तुटला. अगदी आबांचा तुटला होता तिथंच. मग स्पीकरमधून त्या परक्या माणसाचा आवाज आला, एकेक अक्षर जपून उचलल्यासारखा.

"हात का केला न्हाईस रं?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी उजवा हात वर केला, पार डोक्याच्या वर, मांडवाच्या दारात करतात तसा.

"बास, पावणं," ते स्पीकरला म्हणाले. "जेवून घ्या आता."