सातवं नाव

भूत, करणी, भानामती... आमच्या घरात हे कोणी मानत नाही. आम्ही ख्रिस्ती, मूळचे जालन्याचे. आणि खरं सांगायचं तर चमत्कारसुद्धा मी फक्त रविवारी मानायचो, तेही दुसऱ्यांच्या बाबतीत. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तरी माझा राग नाही.

मी रेल्वेत आहे. अकरा वर्षं वाराणसीत, कॅन्ट स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये. इथल्या चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबांची रविवारी दुपारी चारला आमच्याकडे प्रार्थना असते. शेवटी मी वहीतून एकेक नाव वाचतो — आजारी, अडचणीतले, एकटे — आणि प्रत्येक नावाला सगळे 'आमेन' म्हणतात. सुरुवातीला नाव घेतलं की तो माणूस डोळ्यांपुढे यायचा. पुढे यादी इतकी तोंडपाठ झाली की वही उघडायचीही गरज उरली नाही. बारावं नाव एका मुलाचं होतं, परीक्षेसाठी.

"अहो, तो पास होऊन नोकरीला लागला," माझी बायको सरोज एकदा म्हणाली, "अजून किती वेळा पास करणार त्याला?"

सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच नाव घेतलं.

सातवं नाव रत्नामावशींचं. नात्याच्या नव्हेत, रिटायर्ड नर्स, गंगेपलीकडे रामनगरला एकट्या राहायच्या, शुगरच्या पेशंट; पूर्वी प्रार्थनेलाही यायच्या. आधी मी महिन्यातून एकदा तरी जायचो. नंतर... दर रविवारी नाव घेतोच आहे की, असं म्हणत म्हणत ते सुटलं.

मागच्या मे महिन्यातला तो रविवार. बाहेर लूचा गरम वारा, खिडक्या बंद, कूलर चालू. सहा नावं झाली. सातवं घेतलं, आमेन झालं, आणि आठव्यासाठी तोंड उघडलं तर आवाजच नाही. खोकलो. "पाणी दे," म्हणालो, ते स्वच्छ बाहेर पडलं. पुन्हा सुरुवात केली. "रत्नामावशी..." आणि पुढे काही नाही. असं तीनदा झालं. शेवटी वही उघडून आठव्या नावावर बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज नाही. मी घाबरलो होतो.

"मावशींना फोन लावा," सरोज म्हणाली.

लावला. पाच वेळा नुसता वाजत राहिला.

"शेवटचं कधी गेला होतात त्यांच्याकडे?"

खरंच आठवत नव्हतं.

आम्ही दोघं ऑटोने निघालो. पुलावर जाम. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होतो. पोचलो तर दार आतून बंद. शेजारचे एक गृहस्थ बाहेर आले. "सुबह से दिखी नहीं अम्मा," ते म्हणाले. "इतवार है, हम समझे आप ही लोगों के यहाँ प्रार्थना में गई होंगी."

त्यांनीच सब्बल, म्हणजे पहार, आणून कडी उचकटली. मावशी न्हाणीघरापाशी पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. पण जिवंत होत्या. सरोजने चमच्याने पाणी पाजलं तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आलास बाळा? सकाळपासून प्रभूला एकच म्हणत होते... आज त्याला माझ्या नावावर रोक. आगे जाऊ देऊ नको."

घरी काय झालं ते आम्ही त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

त्या वाचल्या. मी घसा तपासून घेतला. काही दोष नाही, टेन्शन असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. तेवढ्यावर मी हा विषय सोडला असता. पण हॉस्पिटलमध्ये एका संध्याकाळी मावशी सहज बोलून गेल्या, "थंडीत पण पडले होते रे. तेव्हाही इतवारच होता, दुपारची वेळ. रात्रभर फरशीवर... सकाळी दूधवाला आला म्हणून वाचले. तेव्हा पण हेच मागितलं होतं." आवाजात जराही तक्रार नव्हती. "तेव्हा तू थांबला नाहीस."

त्या थंडीतला तो रविवार मी खूप आठवून पाहिला. सातव्या नावाला मला खोकला आला होता का? मी घोटभर पाणी पिऊन पुढे गेलो होतो का? आठवत नाही. तोंड नावं घेत होतं, पण मी तिथे होतो कुठे!

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आवाज त्यानंतर कधी अडकला नाही. पण आता मी वही उघडून वाचतो, आणि एखाद्या नावाला साधा खोकला जरी आला तरी तिथेच थांबून त्या माणसाला फोन लावतो.