अक्काची ओ

बहिणीच्या घरासमोर राहणाऱ्या शमाभाभींचा फोन आला तेव्हा मी कापसाच्या बियाण्याचे कोंब मोजत होतो. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासण्याचं काम मी एकोणतीस वर्षं करतो आहे. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या, ठरल्या दिवशी कागद उलगडायचा आणि किती उगवल्या ते लिहायचं. त्रेसष्टपर्यंत आलो होतो. "भाई, अक्का गेल्या," भाभी म्हणाल्या. "दुपारचा चहा पिऊन बसल्या होत्या. बैठ्या बैठ्या मान टाकली." मी विचारलं, "जवळ कोण होतं?" बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस आधी हे विचारत नाही, हे मलाही कळतं. पण भाभींना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "मी होते ना," त्या म्हणाल्या. "हात माझ्या हातात होता." मी फोन ठेवला आणि ते शंभर पुन्हा पहिल्यापासून मोजले, कारण अर्धवट मोजणी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. मग रजा लिहून दिली आणि आष्टीला निघालो.

याला आता सहा आठवडे झाले. अक्का माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तेव्हापासून दहावीपर्यंत मी अक्काच्याच घरी वाढलो. परतूरच्या पुढं, आष्टीत, बाजाराच्या रस्त्यावर दाजींची पिठाची गिरणी होती. दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, तर अक्कानं पट्टा चढवायला शिकून घेतलं आणि पुढं एकोणीस वर्षं गिरणी एकटीनं चालवली. पापण्यांवर पीठ, केसांवर पीठ... चाळिशीतच ती म्हातारी दिसायची आणि सत्तरीतही तेवढीच म्हातारी दिसत राहिली. बायका डबे ठेवून निघून जायच्या. झाकण न उघडता, नुसत्या डब्यावरून, तो कुणाचा, त्यात ज्वारी की बाजरी, दळण जाड हवं की बारीक, हे तिला माहीत असायचं. दळण झालं की दारात उभी राहून नाव घेऊन हाक मारायची. गिरणीच्या घरघरीवर चढणारा आवाज होता तो. शाळेच्या मैदानावर मला ऐकू यायचा. गुडघे गेले तेव्हा तिनं गिरणी विकली, पण शेजारचं राहतं घर सोडलं नाही.

"जालन्याला चल," असं मी दरवर्षी म्हणायचो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन दिवस राहिली की ती गॅलरीतून खाली बघून म्हणायची, "बापू, तुझ्याकडं माणसं नुसत्या टकुऱ्यांवरून वळखावी लागतेत. मला न्हाई जमायचं." मग मी ठरवलं, ती येत नाही तर तिथंच तिची सोय लावायची. वही घेतली आणि तिच्या दिवसातली कामं लिहिली. अकरा निघाली. त्यांतली सात ती स्वतः करू शकत होती. चार कामांना माणूस लागत होतं: पाणी भरणं, आंघोळ, गोळ्या आणि बीपी, बाजार. घरी येऊन म्हाताऱ्या माणसांकडं बघणाऱ्या संस्थांचे नंबर शोधून मी नऊ फोन केले. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही. चौघांनी गावाचं नाव ऐकूनच नाही सांगितलं. दोघांचं माणूस चोवीस तास राहणार होतं, पण मराठवाड्यात नाही. एका मुलीनं फार गोड आवाजात पिनकोड विचारला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "सर, हा पत्ता आमच्याकडे दिसत नाही." हे अक्काला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आरं, तू पुन्या-मुंबईला फोन करून राह्यला, अन् बाई माझ्या मोरीमागं राहते." मोरीमागच्या गल्लीत संगीता राहायची. लहानपणापासून दळण घेऊन येणारी. पाणी आणि आंघोळ तिनं घेतली. बीपी आरोग्य केंद्राच्या आशाताई बघून जाऊ लागल्या, बाजार समोरच्या शमाभाभींनी घेतला. माझ्या नऊ फोनांनी झालं नाही ते अक्काच्या तीन हाकांनी झालं.

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोक्यानं केली आणि तिचा मला अभिमान होता. अक्का रोज सकाळी उठली की अंगणात सडा टाकायची, गुडघे दुखत असले तरी. मी भाभींना म्हणालो, "सात वाजेपर्यंत अंगण ओलं दिसलं नाही, तर लगेच आत जाऊन बघायचं." दार त्यांच्या समोरच. रोज कुणी उठून चौकशी करायला नको, अक्कालाही कुणी पहारा ठेवतंय असं वाटायला नको. सव्वा वर्ष हे बरोबर चाललं. दोनदा अंगण कोरडं राहिलं, दोन्ही वेळा भाभी गेल्या. एकदा ताप होता, एकदा अक्काला नुसती झोप लागली होती. पुढं दिवाळीत गेलो तेव्हा बादली उचलताना तिचा तोल जाताना मी पाहिला. वही काढली आणि संगीताच्या कामांत एक ओळ वाढवली: सडा. वही मिटली. सडा हे नुसतं काम नव्हे, खूण आहे, हे त्या ओळीत कुठंच नव्हतं, आणि ज्यानं ती खूण ठरवली होती त्याच माणसानं ती ओळ लिहिली होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीला जाणाऱ्या बायकांची गाडी सकाळी सहाला निघायची. संगीता त्याआधी आली, अंगणातल्या नळावर बादली भरली, सडा टाकला, दार लोटलेलं बघून अक्काला झोपू द्यावं असं तिच्या मनात आलं आणि ती गेली. अक्का तेव्हा खाटेच्या पलीकडं जमिनीवर पडलेली होती. खुबा मोडला होता. भाभींनी सातला दार उघडलं, अंगण ओलं पाहिलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या. दहा वाजता वाटी परत द्यायला गेल्या, तेव्हा कळलं. साडेचार तास. दवाखान्यात अक्कानं मला एवढंच सांगितलं, "पाण्याचा आवाज आला मला. म्हटलं, आली संगीता. हाक मारली, पर घशातून निघंचना... मंग बादली ठेवल्याचा आवाज आला." ज्या आवाजावर गाव दळण घ्यायला यायचं, तो दहा पावलांवर पोचला नव्हता. संगीता माझ्यासमोर रडली. वही माझ्या पिशवीत होती.

ऑपरेशननंतर मी अक्काला जालन्याला घरी आणलं. तिच्या हाताची उंची मोजून संडास-मोरीत चार दांडे बसवले, उंबरे काढले, पलंगाजवळ घंटी लावली. पाच महिन्यांत ती एकदाही पडली नाही. माझ्या हिशेबानं हे यश होतं. ती मात्र रोज विचारायची, "मला कधी नेऊन घालतो?" आधी मी टाके निघू दे म्हणालो, मग एक्स-रे होऊ दे, मग ऊन उतरू दे. भीती माझी होती, कारणं तिच्या तब्येतीची सांगत होतो. एका दुपारी तिनं मला पलंगाजवळ बसवलं. "इथं सगळं हाय बापू. तुझी बायको चांगली हाय. पर दिसभर मला कोणी हाक मारत न्हाई. तू घंटी दिली. ती मी वाजवायची. मला कोण वाजवनार?" मी म्हणालो, "तिथं पुन्हा पडलीस तर?" ती म्हणाली, "पडीन. तू मला इथं किती दिस वाचवनार हाईस? तू आकड्याचा माणूस. आकडा सांग."

त्यानंतर तीन दिवस ती पलंगावरून आष्टीला फोन करत होती. चौथ्या दिवशी मला तिची योजना सांगितली. ती वहीत नव्हती, सगळी तोंडपाठ होती. "अंगनाकडं कोणी बघायचं न्हाई. येता-जाता हाक मारायची. मी ओ दिली की आपल्या वाटंनं जायचं. ओ न्हाई आली तर आत यायचं, मंग मी झोपलेली असो का मेलेली." रात्री संगीता झोपायला येणार, आणि बाजाराच्या दिवशी परतूरहून येणारी फिजिओथेरपीवाली मुलगी चालण्याचा व्यायाम घेणार. शमाभाभींनी फोनवरच मला दम भरला, "भाई, तुम्ही आता बिलकुल मध्ये बोलायचं नाही. मागच्या टायमाला तुमचंच ऐकलं होतं." हे खरं होतं, म्हणून लागलं. मी अक्काला नेऊन घातलं आणि दोन तास खाटेजवळ बसून राहिलो. त्या दोन तासांत एकोणीस हाका आल्या. शाळेतून सुटलेल्या पोरींनी नुसती गंमत म्हणून तीनदा मारली. "अक्काऽ!" "ओ!" "काय करता?" "वाट बघून राह्यले, तू कधी पास होती त्याची!" इतकी हसताना मी तिला पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला पाच फोन करायचो, तर म्हणाली, "तुला ओ देऊ का गल्लीला? एकच तोंड हाय मला."

अकरा आठवडे ती तिथं राहिली. जालन्याला ठेवली असती तर कदाचित जास्त जगली असती. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. हा हिशेब मी पुष्कळदा मांडतो. माझ्या घरातल्या पाच महिन्यांत तिनं मला किती गोष्टी सांगितल्या असत्या, मी कामावरून लवकर येऊन तिच्याशी बोललो असतो तर... पण मी आलो की आधी दांडे हलत नाहीत ना ते बघायचो.

तेराव्यानंतर घर आवरायला मी एकटाच राहिलो होतो. दुपारी तिच्या खाटेवर बसलो. तिनं खाट फिरवून घेतली होती. उशी दाराच्या बाजूला नसून समोरच्या भिंतीकडं होती, म्हणजे पडल्या पडल्या रस्ता दिसावा. मी डोकं टेकलं. उन्हात रस्ता पांढरा दिसत होता. एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन दारावरून गेली आणि मान न वळवता म्हणाली, "अक्काऽ, जेवल्या का?"

मी काहीच बोललो नाही. पावलं चार-पाच पुढं गेली आणि थांबली. मग वळली. बाई दारात आली, मला पाहिलं आणि पाटीला धरलेला हात तसाच राहिला. "इसरले बगा, दादा," ती म्हणाली. "तोंडात बसलंय." मला वाटलं, आता ती जाईल. तिनं पाटी उतरवून भिंतीशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि उंबरा ओलांडून आत येऊन बसली. ओ आली नाही, की आत यायचं... तसं ठरलेलंच होतं.