न बोलण्याचं कलम

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचा खोका, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. कित्येक वर्षं मी लोकांच्या तक्रारी टाईप करत आले आहे. त्यामुळे समोरचा माणूस बोलायला लागायच्या आधीच माझी बोटं चालू होतात: "गैरअर्जदाराने शिवीगाळ केली, मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली." बांधाचं भांडण असो, नाहीतर नवरा-बायकोचं, हे वाक्य लागतंच. एक दिवस मी स्वतःची तक्रार लिहायला बसले तेव्हाही बोटांनी तेच लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मला कोणी शिवी दिली नव्हती, कोणी हात लावला नव्हता. माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं, आणि तीच तर माझी तक्रार होती.

मी ज्या पंथात जन्मले त्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ऐकणारे म्हणतात, "अच्छा, ते लोक होय," आणि आपल्या घरात असलं काही नाही अशा थाटात चहा पितात. सगळ्यांच्या घरात आहे. आमच्याकडे त्याला फक्त एक शब्द आहे.

आमच्यात बारशालाच गळ्यात काळा दोरा बांधतात. त्यात एक लाकडी मणी असतो. माणूस मेला की मठातली माणसं येऊन तो दोरा सोडतात आणि मगच खांदा देतात. जिवंतपणी दोरा तुटला तर तो माणूस पंथाला मेला. पुन्हा बांधून घ्यायचा असेल तर मठात भर सभेत उभं राहून आपला दोष आपल्या तोंडाने सांगायचा. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. शेजारणीने असंच सभेत उभं राहून रडत रडत कबुली दिली होती, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून शेंगदाणे खात होते. आज त्या शेंगदाण्यांचीही लाज वाटते.

ज्या वर्षी बोंडअळीने कपाशी पोखरली, त्या वर्षी आमच्या भागात जो तो पाठीवर पंप घेऊन वावरात होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. फवारा मारायचा म्हणजे त्या ढगातून चालायचं, तोंडाला फार तर दुपट्टा. माझ्या नवऱ्याने सलग तीन दिवस फवारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसला आणि म्हणाला, "मले दिसून नाही राह्यलं." तोंडाला फेस आला. त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथे आमच्यासारखे किती तरी. नाकातोंडात नळ्या घालताना नर्सने त्याच्या गळ्यातला दोरा कात्रीने कापला आणि मणी माझ्या हातावर ठेवला. मी तिला मनात आशीर्वाद दिला. तिने दोऱ्याकडे पाहिलं नव्हतं, माणसाकडे पाहिलं होतं.

नवरा वाचला. खोकला घेऊन घरी आला. आल्याच्या आठव्या दिवशी मठातून निरोप आला की दोरा तुटला आहे, सभेला या.

सभेत त्याला उभं केलं. उभं राहवत नव्हतं, म्हणून त्याने खांब धरला. मठाचे बाबा म्हणाले, "सांग, मी जीव मारले म्हणून मले इख चढलं." इख म्हणजे विष आणि जीव म्हणजे अळ्या. आता ऐका. त्या सभेत बसलेल्या प्रत्येक गड्याने त्याच हंगामात तेच औषध फवारलं होतं. मठाच्या वावरातही फवारलं होतं, आणि पंप आमच्याच घरचा नेला होता. कोणाच्याही अळ्या स्वर्गात गेल्या नव्हत्या. माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सगळे वाट पाहत बसले, देवासमोर बसल्यासारखे शांत. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठून म्हटलं, "दोष औषधाचा हाय, अन् ते इकणाऱ्याचा. बिमार माणसाले कायले उभं करता? अन् जीव मारल्याचा दोष असन, तर मठाच्या वावरात कोणं मारले?"

बाई सभेत कबुलीशिवाय दुसरं काही बोलली हाच आधी मोठा धक्का होता. बाबा रागावलेसुद्धा नाहीत. ते एकच शब्द बोलले: "येगळे." म्हणजे वेगळे. आमच्याकडे तेवढा एक शब्द पुरतो.

त्या शब्दाचा अर्थ मला पुढच्या सोमवारी कळला. माझं माहेर तालुक्यापासून जवळच आहे, एष्टीने अर्धा तास. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. माय माझ्या भावाकडे असते. मी गेले तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी "माय" म्हटलं. तिने सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही. दार लावलं तर कोणीतरी आलं आहे हे मान्य केल्यासारखं होतं. मी ओसरीवर बसून राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. भाऊ माझ्या अंगावरून गेला, भावजय गेली, तिची पोरगी माझ्याकडे पाहून हसायला लागली तर भावजयीने तिला दंडाला धरून आत ओढलं. शेवटी मी उठून रस्त्यावर आले आणि मागे वळून पाहिलं. माय खराटा घेऊन बाहेर आली होती आणि मी बसले होते तेवढी जागा झाडत होती.

मी मायवर चिडले आहे, हे आधी कबूल करते. लोक म्हणतात, ती तरी बिचारी काय करणार. ठाऊक आहे मला. मी लहान असताना गावात एक म्हातारा असाच वेगळा केलेला होता. तो मेला तेव्हा मठातून कोणी आलं नाही. त्याच्या दोन मुलांनी प्रेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेलं आणि सगळं गाव दारं उघडी ठेवून आत बसून राहिलं. मायने ते पाहिलं. तेव्हापासून तिला मरणाची भीती नाही, मातीला कोणी येणार नाही याची आहे. माझ्याशी एक शब्द बोलली तर तीही वेगळी होणार. हे सगळं मला समजतं, आणि तरीही तो खराटा आठवला की माझे दात आवळतात.

आमच्या कचेरीत एक तरुण वकील येतात, पुसदकडचे. त्यांचे अर्ज मीच टाईप करते. त्यांना मी विचारलं, "साहेब, हे कशात बसते काय?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बसते. बहिष्काराच्या विरोधात आपल्या राज्यात आता कायदा आला. घरातल्या छळाच्या कायद्यात तर भावनिक छळ असा शब्दच आहे."

"मंग लावा."

"कोणावर? बाबांनी काय केलं? एक शब्द बोलले. साक्षीदार कोण? सगळे त्यायचेच. आपण आपल्या मनानंच बोलत नाही म्हणतीन सगळे." मग म्हणाले, "एकच बाई केस उभी करू शकते. जिले तुमच्याशी बोलायचं हाय, पण बोलू देत नाहीत. तुमच्या आईनं एवढं सांगितलं तर कलम लागते. नाही सांगितलं, तर मनापासून न बोलणाऱ्यावर जगात कोणतंच कलम नाही."

मी अर्ज लिहिला. शिवीगाळ काढली, मारहाण काढली, धमकी काढली. उरलं ते एवढंसं होतं, की अर्ज पानाच्या वरच्याच भागात संपला. खाली कोरा कागद. लोकांच्या चार-चार पानी तक्रारी टाईप करणारी मी, माझं स्वतःचं दुःख सात ओळींत आटोपलं.

ठाण्यात साहेबांनी अर्ज वाचला आणि शिपायांकडे पाहून हसले. "बोलत नाही हा गुन्हा झाला काय वो बाई? माह्यी बायको चार दिवसापासून बोलून नाही राह्यली. मी कोणाजवळ अर्ज देऊ?" सगळे हसले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या बायकोले कोणी सांगितलं काय, की नवऱ्याशी बोलली तर तुह्या मयताले कोणी येणार नाही?" हसणं थांबलं. अर्ज घेतला, चौकशीला एका हवालदाराकडे दिला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बरा माणूस होता. तो जबाब घ्यायला माझ्या माहेरी गेला.

चार दिवसांनी दुपारी तो माझ्याच दुकानात आला. हातात लिहिलेले कागद. ठाण्यातला प्रिंटर बिघडला होता आणि टाईप करून द्यायची घाई होती. "ताई, दुसरीकडं नेलं असतं," तो म्हणाला, "पण शेजारचं दुकान बंद हाय." बाकड्यावर अवघडून बसला. मी कागद घेतला. मायचा जबाब होता, खाली तिची सही झालेली.

"मला एक मुलगा आहे. मुलगी नाही. माझेवर कोणाचाही दबाव नाही. मी माझे मर्जीने राहते."

मी टाईप केलं. माझी बोटं शहाणी आहेत, काय टाईप करतो आहोत ते त्यांना कळत नाही. "मुलगी नाही" या शब्दांवर मी थांबलेसुद्धा नाही. दुसऱ्या ओळीला डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली, एवढंच. शेवटची नेहमीची ओळ उरली होती: जबाब वाचून दाखवला, माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तेवढ्यात हवालदार म्हणाला, "एक सांगू काय ताई? जबाब झाला, भाऊ तुमचा आत गेला. बुढी मले कवाडापर्यंत सोडाले आली. दुसरीकडं तोंड करून म्हणे, तिच्या घरच्याचा खोकला थांबला काय? मंग म्हणे, हे लिवू नका बाप्पा."

माझे हात की-बोर्डवर होते. तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही म्हणत असान तर टाका तेवढं. मी पुन्हा जाऊन वाचून दाखवतो, नवी सही आणतो. मंग केस उभी राहते."

वकिलांनी सांगितलेला पुरावा हाच होता. मुलगी नाही म्हणणारी बाई त्या मुलीच्या नवऱ्याचा खोकला विचारते. याहून उघड दबाव कोणता असतो? एक ओळ टाईप केली असती तर बाबा, मठ, ती सभा, सगळे कचेरीच्या पायऱ्यांवर उभे राहिले असते. आणि ती ओळ भावासमोर वाचून दाखवली असती, त्याच संध्याकाळी मठात कळली असती, आणि माझी माय सत्तरीत वेगळी झाली असती. त्यांनी असं काही रचून ठेवलं आहे की, मला न्याय हवा असेल तर तो मायच्या तिरडीवरून घ्यायचा. हा त्यांचा कावा मला त्या दुपारी पुरता कळला, आणि एवढा संताप आला की समोरचा कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

मी ती ओळ टाकली नाही. नेहमीची शेवटची ओळ टाईप केली आणि कागद काढून दिला. महिनाभराने मला पत्र आलं, की आरोपांना पुष्टी मिळत नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. आजही कोणी बाई दुकानात येऊन विचारते, असं कोणी बोलणं टाकलं तर कायदा लागतो काय वो ताई. मी सांगते, लागतो. खोटं नाही ते.

पण त्या दुपारी हवालदार कागद घेऊन निघाला तेव्हा मी त्याला हाक मारली. विचारलं, "मंग तुम्ही काय सांगितलं तिले? खोकल्याचं?"

"मी काय सांगू? म्हटलं, मले काय माहीत."

"परत गेले तिकडं, तर सांगा. म्हणा, थांबला नाही, पण कमी हाय."

त्याने कागदाची घडी खिशात घातली. "जबाब झाला ना ताई," तो म्हणाला. "आता मी कायले जाईन तिकडं?"