छतवाल्याचे चार मुके स्पीकर

भांडण झालं ते सकाळी. सासऱ्यांच्या एका गालावरचा दाढीचा साबण अजून तसाच होता. नवी सून आत भांडी पुसत होती. तिला या घरात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि मधल्या दाराला कडी नव्हती. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही मिटून घेता येत नाहीत.

"माणसाला कान कुठे दिलेत?" सासरे विचारत होते. "बाजूला दिलेत ना? का टाळूवर दिलेत? मग आवाज डोक्यावरून कशाला सोडायचा?"

"मग सिनेमातलं विमान काय बाजूने जातं का, बाबा?" हा तिचा नवरा.

"जाऊ दे की कुठूनही! आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, खुर्चीत बसून करायचं काम आहे. ते सोडून तू स्पीकर बसवायला लोकांच्या छतांना भोकं पाडत फिरणार? अरे, तू धांदरट आहेस. शर्टाची बटणं तुला धड लावता येत नाहीत. काम बरोब्बर नव्वद टक्के करशील आणि राहिलेलं दहा टक्के विसरून शिडी खांद्यावर टाकून घरी येशील!"

नवरा उलटून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तो पाणी प्यायला आत आला, तेव्हा तिने हळूच पाहिलं. वरचं बटण खालच्या काजात होतं. सासरे रागावले होते, पण खोटं बोलत नव्हते.

तरी त्याने ते काम धरलंच. आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेही साधंसुधं नाही. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या रस्त्याने निघाल्या की ओळखीची माणसं नकळत पाठ ताठ करत. घरातली एक खोली त्यांनी सिनेमासाठी राखून ठेवली होती. भिंतभर पडदा, समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात छातीत धमधम करणारा एक मोठा खोका. आता त्यांना छतातही चार हवे होते.

तो बायकोला म्हणाला, "तूही चल."

"अहो, मी येऊन काय दिवे लावू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच चल. कुठला स्पीकर वाजणार ते मला आधीच माहीत असतं. मग माझा कान मला हवं तेच ऐकतो. तुला माहीत नसणार, म्हणजे तू खरं सांगशील."

नवऱ्याने असं म्हटल्यावर कुठल्या बायकोला बरं वाटणार नाही? ती गेली.

दोन दिवस काम चाललं. बाईंच्या खुर्चीवर त्याने छतापासून ओळंबा सोडला, चार जागा पेन्सिलीने आखल्या, गोल भोकं कापली. पांढरी भुकटी त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत. तारा आतून ओढून त्याने प्रत्येकीला वेगळ्या रंगाची पट्टी बांधली. स्पीकर बसवल्यावर खाली तारेच्या टोकाला पेन्सिल सेल टेकवला की वर 'टक्' असा आवाज यायचा. चारही वेळा टक् झालं. मग तारा अँप्लिफायरला जोडल्या. आता एवढंच उरलं होतं, की त्या अँप्लिफायरला सांगायचं, बाबा रे, आजपासून छतातही चारजण आहेत, त्यांनाही आवाज दे. समोरच्या पडद्यावर यादी येते, त्यात 'नाहीत' आहे तिथे 'आहेत' करायचं. त्याने ते केलं, आणि नेमकी वीज गेली.

पाऊण तासाने वीज आली, तोवर खोलीत बाईंची बहीण, बहिणीचे यजमान आणि शेजारची तीन माणसं येऊन बसली होती. लग्नघरात सनई थांबावी तसे सगळे वाट पाहत होते. त्याने घाईघाईने विमानांचा एक सिनेमा लावला, बायकोला बाईंच्या खुर्चीत बसवलं, तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हणाला, "आवाज कुठून येतोय तिकडे बोट कर."

विमान घोंघावत आलं. तिने बोट वर केलं. सरळ छताकडे.

"वा!" बाईंची बहीण ओरडली. आणि मग खोलीत प्रत्येकाला ते विमान डोक्यावरूनच गेलेलं ऐकू आलं.

तिथून त्याचं नाव झालं. मोठ्या बाईंनी स्वतः चार ठिकाणी सांगितलं, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे नाही कोण म्हणणार? लोक त्याला छतवाला म्हणू लागले. हळूहळू चाळीसच्या वर घरं झाली. प्रत्येक घरी बायको रुमाल बांधून बसायची आणि बोट दाखवायची. बटणं अजून चुकायची, पण काम चुकत नव्हतं. त्याच्या मनात बापाचं ते नव्वद टक्के असं रुतून बसलं होतं, की एकेक स्क्रू तो दोनदा पिळायचा.

सासरे काही वर्षं फुगूनच होते. एकदा मात्र आपण होऊन म्हणाले, "चल, दाखव तुझा तो आकाशातला रेडिओ." दोघं त्यांना बाईंकडे घेऊन गेली. म्हातारा खुर्चीत बसला, विमान येऊन गेलं, आणि तो म्हणाला, "येतंय की रे वरून. चुकलं माझं." एवढंच. पण त्या दिवशी घरी येताना छतवाला रस्त्यात शीळ घालत होता. पुढच्या वर्षी सासरे गेले.

नऊ वर्षांनी बाईंनी खोली रंगवायला काढली. रंगाऱ्याने छतातल्या स्पीकरांच्या जाळ्या काढल्या आणि निरोप धाडला, एकदा येऊन बघा, आत काहीतरी आहे. दोघं गेली. रंगारी शिडीवर, बाई खाली कमरेवर हात ठेवून.

"कुंभारणीने घर बांधलंय," रंगारी म्हणाला. "म्हटलं, पाडण्याआधी मालकाला विचारावं."

कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेच. जाळीच्या फटीतून शिरून तिने स्पीकरच्या कागदी पडद्यावर चांगलं मुठीएवढं घर बांधलं होतं. वाळून दगड झालेलं. छतवाला शिडीवर चढला, त्याने बोट फिरवून पाहिलं, आणि तिथेच थांबला.

खालून बायकोला त्याचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता. तेवढ्यातही तिला कळलं, की काहीतरी भलतंच झालंय. अंगातलं रक्त कोणी नळ सोडून काढून घ्यावं तसा चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"काय रे? एक स्पीकर गेला वाटतं?" बाई म्हणाल्या. "असू दे. माशीचा काय नेम! नवा बसव."

सुटायला दार उघडं होतं. हो म्हणायचं, नवा बसवायचा, संपलं. पण तो खाली उतरला, त्याने अँप्लिफायर सुरू केला आणि ती यादी पडद्यावर आणली. भिंतीवर वीतभर उंचीची अक्षरं उमटली. बाईंना समोर दिसलेलं मोठ्याने वाचायची जुनी सवय.

"समोरचे, आहेत. मधला, आहे. मागचे, आहेत. छतातले..." बाई थांबल्या. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला. "छतातले, नाहीत. नाहीत म्हणजे?"

"म्हणजे, बाई, मी बसवले त्या दिवसापासून हे चार स्पीकर एकदाही वाजलेले नाहीत." त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "त्या दिवशी वीज गेली, त्यात मी केलेलं पुसलं गेलं. मी परत बघितलंच नाही. वाजणाऱ्या स्पीकरचा पडदा थरथरतो. त्याच्यावर माती टिकत नाही. कुंभारणीच्या त्या घराला साधी चीरसुद्धा नाहीये."

"अशक्य! मी ऐकलंय. माझ्या बहिणीने ऐकलंय. त्या वादळाच्या सिनेमाला ती पाय वर घेऊन बसली होती."

"मीसुद्धा ऐकलं होतं, बाई," शिडीवरून रंगारी म्हणाला. "मागच्या खेपेला कपाटं रंगवायला आलो होतो तेव्हा. फार झकास येत होतं वरून."

"तू तुझा ब्रश सांभाळ!"

छतवाल्याने यादीत 'आहेत' केलं आणि तोच विमानांचा सिनेमा लावला. कुंभारणीच्या घराखालचा स्पीकर नुसता खरखरला. बाकीचे तीन नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलले. विमान खरोखर डोक्यावरून आलं. मोठ्या बाईंनी, शाळेत हजार मुलींना एका नजरेत बसवणाऱ्या बाईंनी, दोन्ही हात डोक्यावर धरले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"बंद कर ते."

त्याने बंद केलं. रंगाचा एक थेंब खाली अंथरलेल्या कागदावर पडला, तो ऐकू आला.

"नऊ वर्षं," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मी माणसांना या खुर्चीत बसवून विचारत होते, येतंय ना वरून? एकानेही नाही म्हटलं नाही रे! वर्गात मुलींनी समजल्यासारखी नुसती मान हलवली तर मी शेवटच्या बाकावरचीसुद्धा ओळखायचे. आणि इथे मीच मान हलवत होते."

बायको दाराशी उभी होती. उजव्या हाताचं बोट तिने डाव्या मुठीत गच्च धरलं होतं.

घरी येईपर्यंत तो तिच्या पुढे चार पावलं चालत होता. आत आल्यावर त्याने दार लावलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू बोट वर का केलंस?"

"मला वाटलं..."

"खरं सांग."

तिने खरं सांगितलं. "तुम्ही माझ्या पाठीमागे उभे होतात. विमान आलं आणि तुम्ही श्वास धरलात. मला वरून काही आलं की नाही ते कळलंच नाही हो. तुम्ही श्वास धरलाय, तेवढंच मला ऐकू आलं. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही तो कधी सोडला असता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. भर बाजारात कोणी थोबाडीत मारावी आणि मारणारा ओळखीचा निघावा, तसा.

"आणि बाकीची चाळीस घरं? तिथेही माझा श्वासच ऐकलास?"

"नाही हो! पहिलं घर सोडलं तर तुम्ही कधी श्वास धरलाच नाहीत. तुम्हाला खात्री असायची. मग मी निवांत बसून ऐकायचे. आयुष्यात एकदा खोटं बोट केलंय मी, एकदाच."

"त्या एकावर सगळं उभं आहे, अगं." तो खाली जमिनीवरच बसला. "बाबांनीसुद्धा ऐकलं होतं ना? येतंय की रे वरून, म्हणाले होते."

हे तिला गिळून टाकता आलं असतं. पण एकदा खरं बोलायला बसल्यावर मधेच उठता येत नाही. "बाबा त्या वेळी छताकडे बघत नव्हते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे बघत होते."

त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरू लागला. दारात उभा राहून सरळ सांगायचा, "मी बसवलेले छतातले स्पीकर वाजतायत का ते बघायला आलोय." काही हसले. एक वकील भडकले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हालाच माहीत नव्हतं?" तो म्हणायचा, "नव्हतं." मग शिडी लावायची आणि एकेका जाळीवर तळहात ठेवून आत थरथर आहे का ते बघायचं. कानावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. ना स्वतःच्या, ना बायकोच्या. तिला तो सोबत नेत नव्हता. परत आला की फक्त आकडा सांगायचा. आज तीन घरं. आज दोन. ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि पुढचं काही विचारायची नाही.

महिनाभर हे चाललं. शेवटच्या घरातून आला तेव्हा शर्टाला पुन्हा छताची भुकटी लागलेली.

"सगळे वाजतायत," तो म्हणाला. "एकूण एक. एका घरी दोन तारा उलट्या होत्या. विमान जायचं पुढे, आवाज यायचा मागून."

"कुठलं घर?"

"त्या दातांच्या डॉक्टरांचं."

"मग! मी तेव्हाच म्हटलं होतं, पुढे बोट करू की मागे कळत नाहीये. तुम्ही म्हणालात, खुर्ची हलली असेल."

तो महिन्यात पहिल्यांदा हसला. "म्हटलं होतंस खरं."

मोठ्या बाईंनी बाकीचे तीन स्पीकर चालू ठेवले. चौथा मात्र कुंभारणीच्या घरासकट तसाच ठेवायला सांगितला. येणाऱ्या पाहुण्याला आता त्या आधी तो दाखवत, आणि मगच सिनेमा लावत.

छतवाल्याने कामाची रीत बदलली. बायको पुन्हा रुमाल बांधून बसू लागली, पण तो तिच्या मागे उभा राहत नसे, खोलीबाहेर जाऊन थांबे. तिने भर पाहुण्यांत "वरून काही येत नाहीये" म्हटलं की गिऱ्हाईक कावरंबावरं होई आणि हा मात्र खुशीत शिडी उचले. शिवाय प्रत्येक कामानंतर आठव्या दिवशी तो आपण होऊन परत जायचा. गिऱ्हाईकांना वाटायचं, याला दुसरे उद्योग नाहीत. आणखी बारा वर्षं त्याने हे केलं.

तो गेला तो अचानकच, रविवारी सकाळी, पेपर हातात असताना. बायकोला कितीतरी दिवस खरं वाटेना. आदल्या गुरुवारी तर तो एका नव्या घरी आठव्या दिवसाच्या फेरीला गेला होता. घरात फक्त त्या घरची म्हातारी सासू होती. पुढे तीच भेटायला आली, तेव्हा तिने सांगितलं.

"मी म्हटलं, अहो, छान वाजतंय, उगाच कशाला चढता? तर म्हणाले, छान वाजतंय असं सगळेच म्हणतात, आजी. तुम्ही तेवढं ते बटण दाबा."

म्हातारीने बटण दाबलं. तो स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टुलावर चढला आणि त्याने पहिल्या जाळीवर तळहात ठेवला. मग उतरला, स्टूल सरकवलं, दुसऱ्या जाळीवर ठेवला. मग तिसऱ्या. मग चौथ्या. उतरून त्याने स्टुलावर उठलेली पावलं आपल्या रुमालाने पुसली, स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं, आणि दार ओढून घेऊन निघाला.